उजवीकडचं पहिलं चित्र

"यात खरं काय म्हटलंय गं?" आईनं विचारलं. तिचा डावा हात पेटीच्या भात्यावर होता आणि उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर तसंच टेकलेलं होतं, त्यामुळे तिच्या प्रश्नाखाली तो सूर बारीक वाजत राहिला.

मी खाली सतरंजीवर बसून अबोलीचा गजरा करत होते. दुसऱ्या दिवशी समोरच्या पाटोळ्यांच्या नातीचं बारसं होतं. मिरजेत आमच्या गल्लीत बारसं म्हटलं की बायकांचं दत्त भजनी मंडळ आलं, आणि मंडळ आलं की आईचा पाळणा आला. पुण्याहून मी तेवढ्यासाठीच दोन दिवस रजा काढून आले होते.

"कशात?" मी म्हटलं. खरं तर मला कळलं होतं.

"पाळण्यात. तुझ्या जपान्यांनी काय म्हटलंय त्यात?"

मी हातातला दोरा खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिनं हे एकदाही विचारलं नव्हतं.

ही चाल आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. दादा, म्हणजे माझे वडील, पंपांच्या कारखान्यात फोरमन होते. नवी मशिनं आली तेव्हा कारखान्यानं त्यांना ती शिकायला सहा महिने जपानला पाठवलं. परत येताना त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणला, एक घडीची छत्री आणली आणि एक कॅसेट आणली. कॅसेट तिथल्या मेसमध्ये भात वाढणाऱ्या बाईनं निघताना हातावर ठेवली होती. त्या लोकांना फुलांवर गाणी करायचं फार वेड, दादा सांगायचे. आपल्याकडे जशी भावगीतं, तशी ती तिकडे रेडिओवर, बसमध्ये, चहाच्या दुकानात वाजत असतात, आणि फुलं फुलायची वेळ आली की नवीन निघतात. यापलीकडे त्यांना सांगता येण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं जपानी म्हणजे पाना, भात आणि "सावकाश" एवढंच.

कॅसेटवर एका बाईची पाच गाणी होती आणि कव्हरावर एका ओळीत पाच फुलांची चित्रं. खाली उभी अक्षरं, ती आम्हाला मुंग्यांच्या रांगेसारखी. आईनं ती कॅसेट इतकी ऐकली की दादा म्हणायचे, मी आणलेला टेप मला बातम्यांनासुद्धा मिळत नाही. लहानपणी ती शेजारच्या गुरुजींकडे थोडं गाणं शिकली होती. तेवढ्या बळावर तिनं पाचही चाली पेटीवर उतरवल्या. शेवटचं गाणं वाजलं की म्हणायची, "हा तर सरळ भूप आहे." पहिल्या गाण्याला म्हणायची, "ही शिवरंजनीच. फक्त धैवत उतरलाय बिचारीचा."

मग तिनं त्यांना शब्द घातले. अर्थ कळत नव्हता, पण फुलांची चित्रं होती की समोर, ओळीनं, गाण्यागणिक एक. त्यातल्या गुलाबी फुलांनी लगडलेल्या, एकही पान नसलेल्या झाडाचं चित्र तिनं भूपातल्या गाण्याला दिलं आणि पाळणा लिहिला:

*पान नाही झाडा, आधी आलं फूल,*
*माझ्या गं अंगणी आधी आलं मूल.*

दुसऱ्या एका चित्रात पांढऱ्याशुभ्र जमिनीवर एक लाल फूल पडलेलं होतं. ते तिनं धैवत उतरलेल्या गाण्याला दिलं. चाल मुळात जरा उडती होती, तिची लय निम्मी केली आणि "दुधाच्या अंगणी लाल फूल पडे, वेचाया गं कोणी नाही" असं लिहिलं. मंडळ ते कुणी गेलं की म्हणायचं. गावात त्याला "लाल फूल" म्हणत. पाळण्याला "जपानी पाळणा" म्हणत. आमच्या भागातली किती मुलं त्या पाळण्यावर नाव घेऊन मोठी झाली ते मला सांगता येणार नाही. मी पुण्याला नोकरीला गेले तरी गावाकडून बारशाचं बोलावणं आलं की त्यात हटकून असायचं: तुझ्या आईला पाळण्याचं आठवणीनं सांग.

पाळण्यात एक जागा होती. शेवटच्या ओळीआधी ती जपानी बाई थांबायची. वाद्यंसुद्धा थांबायची. कॅसेट अडकली की काय असं वाटण्याइतकी लांब ती शांतता होती. आईनं ती तशीच ठेवली आणि तिथं एक रीत पाडली. त्या थांब्यात जमलेल्या सगळ्या बायकांनी दोरीला हात लावून पाळण्याला एक झोका द्यायचा आणि तो परत आला की शेवटची ओळ उचलायची.

पुण्यात मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकले, ती या कॅसेटपायीच. तिसऱ्या वर्षी एकदा मी ती गाणी कागद-पेन्सिल घेऊन ऐकली आणि पुढच्या शनिवारी मिरजेला आले. आई आमटीला फोडणी देत होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हटलं, "आई, मला ती गाणी कळली."

तिनं पळी वर केली, वाहनं थांबवतात तशी. "सांगू नकोस."

"अगं, पण..."

"नको. माझे शब्द आता लोकांच्या घराघरात गेलेत. खरे ऐकले तर माझ्या तोंडून माझे निघायचे नाहीत. मी पेटी सोडीन त्या दिवशी सांग."

ती पेटी कधी सोडेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. एका परीनं मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

आणि आता ती विचारत होती.

"तू तर म्हणाली होतीस, पेटी सोडशील त्या दिवशी," मी म्हटलं.

"तेच तर." तिनं पट्टीवरचं बोट उचललं आणि मला दाखवलं. पेर सुजलं होतं. "वळत नाहीत आता. उद्याचं बारसं शेवटचं. मग पेटी पाटोळ्यांच्या सुनंदाला द्यायची ठरवलीय. तिला हात आहे." क्षणभर तिनं भाता नुसताच दाबला. मग म्हणाली, "पण आज नको. आज कळलं तर उद्या चुकेन. उद्या बारसं उरकलं, की चहा घेऊ आणि मग सांग. सगळं सांग. गोड करून नको सांगूस."

"गोड करून कशाला सांगीन?"

"तू लहानपणापासून वाईट बातमी गूळ लावून देतेस. दादांचा रिपोर्ट आणलास तेव्हा आधी बसला किती गर्दी होती ते सांगत होतीस."

यावर मी काही बोलायच्या आत आक्काताई मगदूम आल्या. मंडळात पहिला आवाज त्यांचा, आणि मंडळाबाहेरही त्यांचाच. चपला काढता काढताच त्यांनी, हळदीकुंकवाला मिळालेल्या स्टीलच्या वाट्या आता कुत्र्याला ठेवाव्या लागतील इतक्या झाल्यात, असं सांगून टाकलं. मग मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "वाळलीस गं. पुण्यात जेवण देत न्हाईत व्हय?"

तालीम झाली. पाळणा दोनदा म्हटला. थांबा आला की आक्काताई पाळणा नसतानाही हात पुढं करून झोका द्यायच्या. सवयच होती. मग त्यांनी परवाची गोष्ट काढली. मळ्यातला त्यांचा चुलतदीर गेला, तिथं मंडळानं लाल फूल म्हटलं, आणि धाकटी सून रडता रडता मध्येच थांबून विचारू लागली की चाल कुणाची हो. आई हसली, पण मग म्हणाली, "आक्का, माझ्या वेळेला ते म्हणू नका. फार रडकं केलंय मी ते."

"मग काय म्हणायचं तुझ्या वेळंला? पाळणा?"

"म्हणा की."

"तेराव्याला पाळणा म्हणणारी मी पहिलीच बाई हुईन मिरजेतली. लोक म्हणतील, म्हातारी गेली आणि हिला पोर झालं."

तिघीही हसलो. आई तर इतकी हसली की तिनं पेटीवर डोकं टेकवलं आणि पेटीतून कसलातरी वेडावाकडा सूर निघाला. त्यानंतरचं सगळं साधं होतं. आक्काताई गेल्या. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. आईनं गजरे ओल्या फडक्यात गुंडाळले. पाटोळ्यांची नात आजोबांवर गेलीय, नाक बघितलंस का, असं काहीतरी ती म्हणाली. पेटी झाकायची राहिली म्हणून मी उठू लागले, तर म्हणाली, असू दे, सकाळी हात फिरवायचाय.

पहाटे मला जाग आली ती गारठ्यानं. माघातली थंडी होती. परसदार उघडं होतं आणि वारा थेट माझ्या अंथरुणापर्यंत येत होता. आईला पहाटे उठून फुलं काढायची सवय, पण ती दार ओढून घ्यायची. मी उठून गेले. ती जास्वंदीच्या खाली होती. परडी शेजारी नीट उभी होती, त्यातली चार फुलंही सांडली नव्हती. आधी मला वाटलं, काही शोधायला खाली वाकलीय.

डॉक्टर म्हणाले, तिला कळलंसुद्धा नसेल.

पाटोळ्यांनी बारसं पुढं ढकललं नाही. तसं करता येत नव्हतं, पाहुणे आलेले होते. पण त्यांनी पाळणा म्हटला नाही. नाव कानात सांगितलं आणि सगळे आमच्या दारात येऊन उभे राहिले.

तेराव्याला जेवणं झाली. दुपार कलल्यावर मंडळ आलं. मंडळाची पद्धतच आहे, आपल्यातली कुणी गेली तर तिच्या घरी बसून तिच्या आवडीचं एक म्हणायचं. पंधरावीस बायका सतरंजीवर बसल्या. सुनंदा पेटीवर बसली. तिची धाकटी बाळंतीण नणंद, जिच्या मुलीचं बारसं झालं होतं, ती बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. आक्काताईंनी टाळ हातात घेतला आणि म्हणाल्या, "लाल फूल घे गं सुनंदा."

"आक्काताई," मी म्हटलं, "आई नको म्हणाली होती."

"ते हसण्यावारी गं."

"हसण्यावारी नव्हतं."

त्यांनी टाळ मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी दाराकडे डोळ्यांनी खुणावलं आणि हळू म्हणाल्या, "वृंदा, ती पोरगी बसलीया बघ लेकराला घेऊन. तिच्यापुढं तेराव्याला पाळणा म्हणू मी? आज पाळणा हितं म्हटला तर उद्या कुणाच्या बारशात म्हणायचा कसा? तुझ्या आईचाच पाळणा हाय. तिच्यावरच बंद पडू दे म्हणतीस?"

त्या म्हणत होत्या ते खरं होतं. आणि त्यांना ठाऊक नव्हतं ते माझ्याजवळ होतं.

जपानी उभ्या ओळी उजवीकडून वाचतात. त्यांचं पुस्तक आपल्याला मागच्या बाजूनं उघडतं. हे कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलाला माहीत असतं, पण मिरजेत माझ्या आईला कोण सांगणार? कव्हरावरची चित्रंही त्याच अंगानं मांडलेली होती. पहिलं गाणं म्हणजे उजवीकडचं पहिलं चित्र. आईनं ती डावीकडून मोजली. पाचांतलं मधलं एकच बरोबर बसलं, बाकी चार उलटी झाली. तिच्या कानानंही तिला साथ दिली. भूप तो आनंदाचा, शिवरंजनी ती दुःखाची, इतकं तर आपल्याकडे पोरालाही कळतं. त्या लोकांचं तसं नाही. ते निरोप भूपात घेतात.

म्हणजे आमचं लाल फूल हे साकुराचं, त्या पान नसलेल्या गुलाबी झाडाचं, गाणं होतं. वसंत आला, झाडाखाली चटया पसरा, ऑफिसातल्या साहेबांनी जास्त घेतली, त्यांचा एक बूट सापडत नाही, अशा अर्थाचं. आमच्या गावानं त्यावर कितीतरी माणसं रडून पोचवली होती. आणि पाळणा हे त्सुबाकीचं गाणं होतं. त्सुबाकी म्हणजे बर्फात फुलणारं लाल फूल. ते गाणं निरोपाचं होतं.

आईनं स्वतःसाठी नेमकं तेच मागितलं होतं. मी हे सांगितलं असतं तर आक्काताईंची अडचण एका वाक्यात सुटली असती. बायकांनी बिनदिक्कत ते म्हटलं असतं. पण दाराशी ती मुलगी बसली होती, आणि तिच्यासारख्या कितीतरी जणींनी त्या थांब्यात आपल्या लेकराला झोका दिला होता. एकदा ऐकलेलं परत न ऐकल्यासारखं करता येत नाही. आई पळी वर करून थांबली होती ती हेच ओळखून.

"शब्द नको म्हणायला," मी म्हटलं. "आईचे शब्द नको. मी तिकडचे म्हणते. जपानी."

आक्काताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मंडळात कधी गायले नव्हते. घरातसुद्धा फारशी गात नसे, कारण आईचा आवाज असताना कोण गाणार.

"तुला येतंय?"

"येतं."

"मग म्हण," त्या म्हणाल्या. "परक्या भाषेला सुतक नसतंय."

सुनंदानं सूर दिला. मी डोळे मिटले नाहीत, पेटीकडे बघत म्हटलं. आवाज पहिल्या ओळीला फाटला आणि दुसरीला लागला. बायका चालीबरोबर माना हलवत होत्या, कारण चाल त्यांचीच होती. दाराशी ती मुलगी सवयीनं मांडी हलवत होती आणि बाळ झोपलं होतं. तिसरं कडवं झालं. शेवटच्या ओळीआधी मी थांबले. सुनंदाचा हात भात्यावर थांबला. त्या शांततेत आक्काताईंचा उजवा हात आपोआप पुढं गेला, दोरी धरायला. दोरी नव्हती. हात तसाच हवेत राहिला, मग त्यांनी तो हळूच परत घेतला आणि पदराखाली ठेवला.

मी शेवटची ओळ म्हटली.

मग बायका एकेक करून उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. बाळंतीण मुलगी म्हणाली, "ताई, किती गोड आहे हो तिकडचा पाळणा." मी हो म्हटलं. आक्काताई शेवटी राहिल्या. पायरीवर चपला घालताना एका हातानं चौकट धरून त्या म्हणाल्या, "शब्द काय मला कळलं न्हाईत. पण पाळण्यात इतकं कोण थांबत न्हाई बाई. लेकरू जागं हुतंय." मी काहीतरी म्हणणार होते. त्यांनी हात वर केला. "मी काय इचारलंय का? सुनंदाकडं पेटी धाड उद्या. बारशी थांबत न्हाईत कुणासाठी."

त्या गेल्या. उन्हं कौलांवरून उतरली होती, पण अजून उजेड होता. मी चहा टाकला, दोन कप, आणि मग एक परत ठेवला नाही. कॅसेटचं कव्हर पेटीच्या मागच्या कप्प्यात होतं, तिथंच असायचं. चित्रांचे रंग उडून गेले होते, लाल तेवढा टिकून होता. मी ते कव्हर पेटीवर उभं केलं आणि समोर बसले. बारसं उरकलं होतं, पेटी सुटली होती. बसच्या गर्दीबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

"आई," मी म्हटलं. रिकाम्या घरात आवाज मोठा वाटला, तरी मी तो कमी केला नाही. "आई, चित्रं उजवीकडून बघायची होती. तुझा पाळणा त्या लाल फुलाचा आहे. ते पांढरं आहे ना खाली, ते दूध नाही, बर्फ आहे. त्यात म्हटलंय, बाकीची फुलं पाकळी पाकळी गळतात, माणसांना बघत बसावं लागतं. त्सुबाकी तशी नाही. ती अख्खी पडते. सकाळी उठून बघावं तर खाली, जशी झाडावर होती तशीच, उमललेली. मीही तशीच जाईन, तू उठायच्या आत. तू उचलशील तेव्हा मी ताजी असेन. मग तो थांबा येतो बघ. तू झोका द्यायला लावायचीस ती जागा. तिथं ती जाणारी बाई दारात उभी असते, आई. वळून बघत नाही, पाऊलही उचलत नाही, नुसती उभी असते. आणि मग म्हणते, बाहेर फार थंडी आहे गं. दार लावून घे."